मुंबईला जायचं, पण काम काढायचं नाही

आमच्या चारठाण्यात कुणी बॅग भरून मुंबईला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला : "काय काम निघालं?" मुंबई म्हणजे मंत्रालयात अडकलेली फाईल, परळच्या टाटा हॉस्पिटलातला नंबर, पोराची मुलाखत, नाहीतर नातेवाइकाकडचं लग्न. जिंतूर तालुक्यातल्या कितीतरी माणसांनी मुंबईतल्या रात्री आमदार निवासात, ओळखीच्या खोलीत सतरंजी टाकून काढल्या आहेत. आकाशवाणी आमदार निवासापासून मरीन ड्राइव्हचा कठडा पायी जाण्याच्या अंतरावर. पण कामाला आलेल्या माणसाचं चित्त समुद्रात नसतं. तो उभ्याउभ्या पाणी बघतो आणि रात्रीची देवगिरी एक्सप्रेस गाठतो.

माझं गावात लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. लग्नसराईत मशीनचा पाय थांबत नाही. ब्लाऊज, घागरे, फॉल-पिको यांत एप्रिल कधी येतो नि जातो कळत नाही. सराई ओसरली की अंगाला आणि डोळ्यांना दोन दिवस तरी मोकळीक हवी असते. अशाच एका मे महिन्यात सासूबाईंना आणि नणंदेला घेऊन मी मरीन ड्राइव्हवरच्या एका हॉटेलात राहायला गेले. देवदर्शन नव्हतं, दवाखाना नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं. समुद्रासमोर राहायचं, चांगलं नेसायचं, चांगलं खायचं, एवढंच ठरवलेलं. आल्यापासून दुकानात ब्लाऊजच्या मापाआधी याचीच चौकशी सुरू होते : कसं गेलात, किती लागले, काय घातलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. समुद्राकाठच्या हॉटेलात दोन रात्री ऐटीत राहणं हे आपल्यासारख्या घरालाही जमण्याजोगं आहे. पैशापेक्षा त्याला आखणी जास्त लागते, आणि आखणी तर घरातल्या बायका आयुष्यभर करतच असतात.

पारा, घाम आणि खारे वारे

मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पण हे ऊन कोरडं. माठातलं पाणी गार होतं, धुतलेली साडी दोरीवर टाकली की बघताबघता खडखडीत वाळते. त्याच दिवसांत मुंबईत पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो. आकडा ऐकून बरं वाटतं, पण स्टेशनाबाहेर पडलं की माणूस घामाने निथळतो. कारण सरळ आहे. घाम वाळताना अंगातली उष्णता सोबत घेऊन जातो; समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की तो लवकर वाळतच नाही. म्हणून मुंबईत सावलीपेक्षा वाऱ्याला मोल आहे.

हा वारा कधी मिळतो ते शाळेच्या भूगोलात आपण शिकलेलो आहोत. जमीन लवकर तापते, पाणी हळू तापतं. दिवसा जमिनीवरची हवा तापून वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा समुद्राकडे वाहू लागतो, ते मतलई वारे. यावरून दिवसाची आखणी आपोआप होते. सकाळी दहापर्यंत बाहेर, भर दुपारी खोलीत विश्रांती, चारनंतर पुन्हा किनारा. किनाऱ्यालगत हॉटेल घेण्याचं खरं कारण हेच. लांबच्या उपनगरात स्वस्त खोली घेतली तर दुपारी परत जाता येत नाही आणि दिवसभर म्हाताऱ्या माणसांना घेऊन उन्हात फिरावं लागतं.

हवापालटासाठी समुद्राकाठी जाणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्यानंतर विश्रांतीला ते जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटले तेव्हाही प्रकृती सुधारण्यासाठी जुहूच निवडलं. एवढ्या कामाच्या माणसाने समुद्राला वेळ दिला, हे मी घरात परवानगी मागताना आवर्जून सांगितलं होतं.

आता महिना. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची नेहमीची तारीख ११ जून धरतात. पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यापुरत्या बंद होतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते; ताजं पापलेट, सुरमई खायची असेल तर त्याआधीच गेलेलं बरं. या सगळ्याचा हिशोब मांडला की मेच्या मध्यावरचे दिवस सोन्यासारखे निघतात. शाळांना सुट्टी असते आणि पाऊस अजून लांब असतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरात समुद्र दिसतो

ही माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. समुद्रापासून एवढ्या लांब राहूनही भरती-ओहोटीची वेळ आपल्याला घरबसल्या काढता येते. १९७३ पासून घराघरांत टांगलेलं कालनिर्णय त्याला पुरतं. कोकणातला हिशोब असा : तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येतो ती भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस निवडायला एवढं पुष्कळ.

यामागचं कारण चंद्र. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागे भरतीही तेवढीच सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं; त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते, चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती.

मेमध्ये मुंबईत सूर्य साधारण सात वाजता मावळतो. आता मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून भरलेला समुद्र आणि सूर्यास्त एकदम बघायचा असेल तर नवमी धरावी. नऊची पाऊणपट पावणेसात. जुहूला वाळूत चालायचं असेल तर उलट हवं. संध्याकाळी पाणी मागे गेलेलं आणि वाळू रुंद पसरलेली असावी, त्यासाठी पौर्णिमा, अमावास्या किंवा त्यानंतरची प्रतिपदा-द्वितीया. हॉटेलवाले कधी सांगणार नाहीत अशी ही गोष्ट, पण तीच जागा, तेवढेच पैसे आणि निम्मा आनंद किंवा दुप्पट आनंद, हे तिथीवर ठरतं. आमच्याकडे काही जण अमावास्येला प्रवासाला निघत नाहीत. त्यांनी पौर्णिमा घ्यावी, समुद्र दोन्हीला सारखाच वागतो.

कुठला किनारा

मुंबईत समुद्रासमोर राहण्याच्या मुख्य जागा तीन. पहिली अपोलो बंदर, जिथे ताजमहाल हॉटेल आहे. जमशेटजी टाटांनी उभारलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. त्याच्यासमोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये खुलं झालं, म्हणजे ताज त्याच्याहून एकवीस वर्षांनी थोरलं. हा किनारा पूर्वेला, बंदराकडे तोंड करून आहे. इथे समुद्रावर सूर्योदय दिसतो, सूर्यास्त नाही. सकाळी लवकर उठणाऱ्यांसाठी ही बाजू. ताजमध्ये राहणं झेपलं नाही तरी मागच्या कुलाब्याच्या गल्ल्यांत लहान हॉटेलं आहेत आणि चालत बंदरावर येता येतं.

दुसरी जागा मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब, अर्धगोल, पश्चिमेकडे तोंड केलेला रस्ता. कागदोपत्री नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. इथे पुळण नाही, कठडा आहे; पुळण फक्त टोकाला गिरगाव चौपाटीला. कठड्यासमोरच्या इमारती १९३० आणि ४० च्या दशकांतल्या आर्ट डेको घडणीच्या. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, दारावर नक्षीदार अक्षरांत इमारतीचं नाव. २०१८ मध्ये युनेस्कोने या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारती मिळून जागतिक वारसा जाहीर केल्या. चारठाण्याच्या माणसाने या इमारती अगदी सावकाश बघाव्यात. आपण यादवकाळातल्या हेमाडपंती देवळांच्या, बारवेच्या आणि त्या उंच कोरीव दगडी स्तंभाच्या गावात वाढलो; कोरीव काम बघायची नजर आपल्याला घरूनच मिळालेली आहे. तिथे घडवणाऱ्यांनी दगड कोरला, इथे सिमेंटला वळण दिलं.

तिसरी जागा जुहू. इथे खरी वाळू, मोठी पुळण, आणि १९६० च्या दशकापासून वाळूला लागून उभी राहिलेली हॉटेलं. मुलं सोबत असतील तर जुहू. गुडघे दुखणारी मंडळी असतील तर मरीन ड्राइव्ह, कारण वाळूत पाय रुततात आणि फरसबंदीवर काठी टेकते. सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही मरीन ड्राइव्ह ठरवलं.

मुंबईचे दर झेपत नसतील तर रत्नागिरी हेही समुद्राचं शहर आहे. मांडवी आणि भाट्याचा किनारा गावालगत, १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा बघायला, आणि मेमध्ये हापूस दारात. फक्त मराठवाड्यातून तिकडचा प्रवास लांब पडतो, त्यामुळे एक दिवस जास्त धरावा.

खोली ठरवताना विचारायच्या गोष्टी

ऑनलाइन फोटो बघून खोली ठरवली तरी पैसे भरण्याआधी हॉटेलात स्वतः फोन करावा. नणंदेने वहीत प्रश्न लिहून घेतले आणि एकेक विचारला. खोली 'सी फेसिंग' आहे की 'पार्शल सी व्ह्यू'? पहिल्यात समोर पाणी, दुसऱ्यात मान वळवून दिसणारी निळी पट्टी. खिडकी उघडते का? बऱ्याच नव्या इमारतींत काच पक्की बसवलेली असते. लाटेचा आवाज आणि खारा वारा हवा असेल तर उघडणारी खिडकी किंवा सज्जा लागतो. मजला कुठला? खालच्या मजल्यावर गाड्यांचा आवाज येतो. तिसऱ्या माणसाला जादा गादीचे किती? न्हाणीत टब आहे की सपाट जागा? टबाची कड ओलांडताना म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. धरायला दांडी आहे का, लिफ्ट आहे का, तेही आताच विचारावं.

मग जेवणाचा प्रकार. हॉटेलच्या भाषेत ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. मुंबईसारख्या खाण्याच्या शहरात सीपी घ्यावं. सकाळी पोटभर नाश्ता हॉटेलात, बाकीचं बाहेर. आमच्या सासूबाईंचे उपवास सारखे चालू असतात. फळं, दही, दूध नाश्त्याला मिळेल ना, एवढं विचारून ठेवलं की त्यांना संकोच होत नाही.

कराचा हिशोब नीट समजून घ्या, कारण इथे मोठी रक्कम वाचते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, बिलात बाराशेच्या जवळ. म्हणून भाव विचारताना 'कर धरून की सोडून' हे पहिलं वाक्य असावं. वारही बघावा : नरिमन पॉइंटकडच्या ऑफिसांच्या भागातल्या हॉटेलांचे भाव बहुधा शनिवार-रविवारी उतरतात, तर जुहूसारख्या मौजेच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे आठवड्याच्या मधल्या वारांना.

खोली किती तारखेपर्यंत फुकट रद्द करता येते, डिपॉझिट किती ठेवावं लागतं, हे लिहून घ्यावं. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्डासारखं मूळ ओळखपत्र सोबत हवं.

गाडीची वेळ आणि खोलीची वेळ

हॉटेलात खोली दुपारी दोनला मिळते आणि बारापर्यंत सोडावी लागते. साधारण सगळीकडे हीच रीत. देवगिरीने सेलू स्टेशनाहून रात्री निघालं की सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी. म्हणजे खोली मिळेपर्यंत सहा-सात तास हातात. लवकर खोली मागता येते, पण ती रिकामी असेल तरच. नाहीतर सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून घेतात, ते फुकट असतं. तोंड धुऊन नाश्ता करावा आणि ऊन चढण्याआधी ओव्हल मैदान, राजाबाई टॉवर बघून यावं.

आता वंदे भारत नांदेडपर्यंत आल्यापासून दुसरा मार्ग झाला आहे. पहाटे नांदेडहून निघते, परभणी, जालना करत दुपारी अडीचच्या आसपास सीएसएमटीला पोचते. खोली तयारच असते. परतीची सीएसएमटीहून दुपारी एकनंतर निघते, म्हणजे बाराला खोली सोडायची आणि टॅक्सीने स्टेशन. चारठाण्याच्या माणसाला मंठ्यावरून जालना गाठून तिथे बसणंही सोयीचं. आठवड्यातला एक वार ही गाडी नसते आणि वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे तिकिटाच्या वेळी वार आणि वेळ दोन्ही बघावं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी काढलं तर तिघींच्या जागा शेजारीशेजारी मिळतात.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण, ७०१ किलोमीटर, खुला झाला आहे. जालन्यावरून चढता येतं. मात्र दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा आहे का, हे हॉटेलला आधी विचारावं.

समुद्राकाठी काय नेसावं

हा माझा विषय. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ, त्यामुळे पांढरं कापड आम्ही कपाटातच ठेवतो. समुद्राकाठी ते मनसोक्त वापरता येतं. मी तिघींसाठी मलमल आणि कॅम्ब्रिक आणलं. कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग शिवलेलं माप चुकतं. दमट हवेत कपडा अंगापासून सुटा राहिला पाहिजे. म्हणून मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच सैल, बाही कोपराखाली, कुर्त्याला बाजूचे कट जरा वरपर्यंत, अस्तर शक्यतो नाहीच. लागलं तर तेही सुती. जॉर्जेट, सॅटिन, क्रेप यांतलं पॉलिस्टर घाम पीत नाही, पाठीला चिकटून बसतं. रेयॉन घाम पितं, पण भिजलं की जड होऊन ओघळतं. सुती किंवा लिनन हेच खरं.

साडी नेसायची तर सुती, आणि पदराला पिन. मरीन ड्राइव्हचा संध्याकाळचा वारा पदर खांद्यावर राहू देत नाही. जरीची साडी पाण्याजवळ नेऊ नये; खाऱ्या ओलीने जर काळवंडते. फॉल लावलेली साडी घालून लाटेत उतरू नये. सुती फॉल पाण्याने आक्रसतो, साडी तेवढी आक्रसत नाही, आणि काठ चुरगळल्यासारखा ओढला जातो. उसवून नवा लावल्याशिवाय तो सरळ होत नाही. समुद्रात भिजलेला कुठलाही कपडा त्याच रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये गोड्या पाण्यातून दोनदा काढावा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे न खळबळलेला कपडा सकाळीही दमटच राहतो.

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत, त्याला कारण आहे. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात. नायलॉन आणि लायक्राचा पोशाख लागतो. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा बायकांचा पोशाखही आता दुकानात सहज मिळतो. माझी नणंद तोच घालून पाण्यात उतरली.

आणि सगळ्यांत देखणं कोण दिसलं असेल, तर सासूबाई. त्यांनी रोजचं इरकली नऊवारी लुगडंच नेसलं. कासोट्याने पाय मोकळे, चालताना अडथळा नाही, सूत घाम पितं, आणि रुंद काठाचं गर्द रंगाचं लुगडं त्या गुळगुळीत फरशीच्या दालनात उठून दिसत होतं. नाश्त्याच्या टेबलाशी एका परदेशी बाईंनी त्यांना लुगड्याबद्दल खुणेने विचारलं, तेव्हा त्यांनी काठ हातात धरून दाखवला. ऐट म्हणजे अंगाला साजेसं, जागेला साजेसं आणि नीट शिवलेलं. ते चारठाण्याच्या कपाटातही असू शकतं.

कठड्यावरची संध्याकाळ

नवमीच्या संध्याकाळी आम्ही सहालाच जाऊन कठड्यावर बसलो. पाणी चढत होतं. खाली चार पायांचे सिमेंटचे अवजड ठोकळे एकमेकांत अडकवून टाकलेले असतात, त्यांना टेट्रापॉड म्हणतात. लाट त्यांच्या फटींत शिरते, फुटते, तिचा जोर तिथेच मरतो. सासूबाईंचं आयुष्य शेतात गेलेलं. त्यांनी समुद्राकडे बघायच्या आधी त्या ठोकळ्यांकडे बघितलं.

"हा बांध कुणी घातला म्हनायचा?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई, तुम्ही बसलाय ती सगळी जागा भरावाची हाय," मी सांगितलं. "आधी इथं समुद्रच होता. माती-दगड टाकून जमीन केली, मग रस्ता."

"मंग त्याला रोज आपली जागा मागायचा हक्क हाय की," त्या म्हणाल्या, आणि पाणी कुठवर येतं ते बघत राहिल्या.

खरंच आहे ते. बॅकबेची भर घालायचं काम १९२० च्या दशकात जोरात चाललं, आणि त्यातून हा रस्ता आणि या इमारती उभ्या राहिल्या. त्या ठोकळ्यांवर मात्र कधी उतरू नये. शेवाळाने ते निसरडे असतात, भरतीत अडकलेल्या माणसाला वर काढणं कठीण जातं. चौपाटीच्या पाण्यातही पोहायला जाऊ नये. पाय भिजवण्यापुरता समुद्र पुष्कळ असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाआधी गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेलो. इथेच १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा तिथे आहे. सासूबाईंनी चप्पल काढून नमस्कार केला. तिथून गिरगावात शिरलं की आपल्या चवीचं मराठी खाणं मिळतं : मिसळ, थालीपीठ, पियूष. दुपारी पडदे ओढून गार खोलीत झोपलो. घरी दुपारच्या झोपेत कान दाराशी असतो. तिथे कुणी हाक मारणारं नव्हतं. संध्याकाळी चर्चगेटजवळ के. रुस्तममध्ये दोन बिस्किटांमध्ये घातलेलं आइस्क्रीम घेतलं, १९३८ सालचं इरॉस थिएटर बाहेरून बघितलं आणि पुन्हा कठडा गाठला.

यादीतली ठिकाणं यापेक्षा जास्त नव्हती, आणि नसावीतही. हाजी अली, महालक्ष्मी, राणीची बाग, एलिफंटा असं सगळं दोन दिवसांत कोंबलं की ती पुन्हा धावपळच होते. समुद्रासमोरच्या खोलीचं भाडं आपण खिडकीसाठी भरलेलं असतं; त्या खिडकीत बसायला वेळ ठेवला पाहिजे.

पैसे कुठून आणायचे

आता दुकानात शिलाई शिकायला येणाऱ्या बायकांनी यासाठी वेगळी भिशी लावली आहे. हिशोब सोपा आहे. एका बाईचे महिन्याला ५०० रुपये, वर्षाचे ६,०००. तिघींचे मिळून १८,०००. ७,५०० ची खोली दोन रात्री घेतली तर करासह १५,७५० होतात. उरलेल्यात जादा गादी आणि टॅक्सी बसवायची. हॉटेलचे भाव हंगामाप्रमाणे हलतात, गाडीभाडं आणि बाहेरचं खाणं वेगळं. पण मोठा खर्च असा वर्षभरात पसरला की घरखर्चाला हात लावावा लागत नाही आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही. भिशीत इतर वेळी फ्रीज येतो, सोन्याची अंगठी येते. त्यांच्या रांगेत समुद्रही बसायला हरकत नाही.

आमच्या भागातल्या बायका उभं आयुष्य दुसऱ्याच्या कामासाठी प्रवास करतात. बाळंतपणाला, आजारपणाला, कार्याला. स्वतःसाठी काढलेला प्रवास त्यांच्या वाट्याला आला पाहिजे, आणि तो कसाबसा उरकलेला नको, नीट नेसून, चांगल्या खोलीत, समुद्रासमोर झालेला हवा. नवं कॅलेंडर घरात आलं की मे महिन्याचं पान काढा. नवमीवर खूण करा, निघायच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजून तिकिटाच्या तारखेवर दुसरी खूण करा. शिवायचं कापड मार्चच्या आत माझ्याकडे किंवा तुमच्या टेलरकडे टाका, कारण एप्रिलमध्ये लग्नाच्या कामातून कुणालाच सवड नसते.